पिवळ्या रंगाचे एकेचाळीस दिवस

३ नोव्हेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते हातात तरी घ्यावं लागतं. वाचायचं की नाही ते नंतर.

विचारायचं एवढंच होतं, की तुमच्या घरातली मागची खोली अजून रिकामी आहे का. वहिनी तिथे शिलाईचं मशीन ठेवणार असं मागे ऐकलं होतं. काही ठरवून विचारत नाही. माहिती असावी म्हणून.

इकडे ठीक. ऑफिसात नेहमीचं काम. रोज दुपारी चारला उद्याच्या हवेचा अंदाज बाहेर पडतो आणि तो अजून मीच काढते. धूळ मोजणारी बाराही केंद्रं चालू आहेत. आपल्या भागाचं केंद्र अग्निशमन दलाच्या गच्चीवर आहे, तेही.

बाबांनी माझ्या अंदाजावरून स्वतःचे नियम केलेत. ते तुला माहीत नसतील, तू गेल्यानंतरचे आहेत. हिरवा असला की बागेपर्यंत चालायचं. पिवळा असला की कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत आणि परत. नारिंगीला फक्त गॅलरी. लाल असला की दारं-खिडक्या बंद आणि दिवसभर माझ्यावर राग, जणू धूळ मीच पाठवली. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालणं सोडू नका, फक्त हवा बघून चाला. बाबा त्यांना म्हणाले, हवा बघायला घरातच माणूस आहे. गल्लीत ते मला नावाने हाक मारत नाहीत. ‘आमची वेधशाळा’ म्हणतात.

आत्ता झोपलेत.

दोन वर्षांपूर्वी जाताना तू जे म्हणालास त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. “तुला बाप नकोय, नमुना हवाय.” त्याआधी मी काय म्हणाले होते तेही आठवतं. तू म्हणत होतास, त्यांना माझ्याकडे नेतो, तिकडे हवा चांगली आहे. मी म्हणाले, चांगली आहे हे कशावरून, तुमच्याकडे मोजायचं यंत्रच नाही. वाक्य बरोबर होतं. यंत्र अजूनही नाही. परवा यादीत पाहिलं.

खोलीचं कळव.


१० नोव्हेंबर

दादा,

वहिनीचा निरोप मिळाला. “खोली रिकामी आहे. का?” प्रश्न तुझा आणि फोन तिचा, एवढं ओळखता येतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, बाबा झोपलेत. ते खरं होतं. कुठे झोपलेत ते लिहिलं नव्हतं. ते पत्र मी हॉस्पिटलमध्ये, छातीच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिलं.

२९ ऑक्टोबरला सकाळी आठच्या सुमाराला ते कोपऱ्यापर्यंत गेले. शिंप्याच्या पायरीवर बसले ते उठता येईना. शिंपी सांगतो, पाणी मागितलं, पण घोट घ्यायलाच श्वास पुरेना. त्याने दुकान तसंच उघडं टाकून एक भाजीचा टेम्पो थांबवला आणि त्यांना पोत्यांवर टेकवून हॉस्पिटलात आणलं. मी तोवर ऑफिसात पोचले होते. आणलं तेव्हा रक्तातला प्राणवायू एक्क्याऐंशी टक्के. आता नाकाला नळी लावून अठ्ठ्याऐंशी. बोलतात, दोन शब्दांनंतर थांबून.

डॉक्टर म्हणतात, मूळ दुखणं जुनंच. चौतीस वर्षं फरश्या बसवल्या. घासायचं मशीन पाण्यावर चालतं, पण कोपऱ्यांचे तुकडे कोरडेच कापायचे, आणि ती दगडाची धूळ जी आत बसली ती बसली. मग त्यांनी विचारलं, गेल्या महिना-दीड महिन्यात घराजवळ पाडकाम वगैरे? मी सांगितलं, मागच्या गल्लीत जुनी गोदामं पाडतायत, १९ सप्टेंबरपासून. काँक्रीट भरडायचं मशीन तिथेच आणून ठेवलंय. सकाळी सहा ते नऊ चालवतात, मग ट्रक भरतात.

“मग यांना बाहेर कसं सोडलंत?”

मी म्हणाले, अंदाज पिवळा होता.

तुलाही तेच लिहून ठेवते. त्या दिवशी अंदाज पिवळा होता आणि तो बरोबर होता. केंद्र गोदामांपासून सहाशे मीटरवर आहे, वाऱ्याच्या वाटेवर. धूळ जास्त असती तर तिथे दिसली असती. तू हे वाचून काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण.

खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे?


१८ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

गेले वीस दिवस मी घरी फक्त आंघोळीला आणि कपडे बदलायला येत होते. परवा रविवारी पहिल्यांदा दोन तास निवांत थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीखालची फरशीची पट्टी तुला आठवते? बाबांनीच बसवलेली, उरलेल्या काळ्या दगडाची. ती पांढरी झाली होती. मी बोट फिरवलं तर काळी रेघ उमटली, फळ्यावर खडू पुसावा तशी.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की वीस दिवसांत एवढी धूळ पिवळ्या रंगात बसत नाही. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही पट्टी रोज सकाळी लख्ख काळी असायची. मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होते.

समोरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनीच विचारलं, बाबा कसे आहेत, आणि मग म्हणाल्या, “त्यांच्यावाचून खिडकीचे हाल झाले गं. तू आंघोळीला गेलीस की रोज पुसायचे. मी एकदा म्हटलं, लेकीला सांगा की पुसायला. तर मला म्हणाले, गप्प बसा.”

फडका मोरीतल्या नळामागे कोंबलेला सापडला. पत्र्यासारखा कडक झाला होता. माती असती तर चुरली असती. काँक्रीटची धूळ पाण्याने आवळते, हे आपल्याला लहानपणीच शिकवलंय त्यांनी. धूळ ओल्याने पुसायची, घडी आत घ्यायची, झटकायचं नाही.

मी पट्टीच्या एका वीतभर चौकोनातली धूळ कागदावर गोळा केली, ऑफिसातल्या काट्यावर तोलली आणि उलटा हिशोब मांडला. तो पिवळ्याच्या जवळपासही येईना. म्हणून आपल्या केंद्राची मूळ फाइल उघडली. छाननीच्या आधीची. ती सहसा कुणी उघडत नाही. मीही उघडत नव्हते.

१९ सप्टेंबर ते बाबा पडले तो २९ ऑक्टोबर (पुढचेही तसेच, पण मी तिथवरच मोजले), रोज सकाळी सहा ते नऊ: चारशे दहा, पाचशे पासष्ट, चारशे ऐंशी, सहाशे वीस. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. प्रत्येक आकड्यापुढे ‘बिघाड’ असा शेरा होता आणि त्याच्या जागी शेजारच्या केंद्रांची सरासरी भरलेली. एकशे दहा, एकशे पाच. पिवळा.

हा शेरा माणूस मारत नाही, प्रोग्रॅम मारतो. कुठल्याही केंद्राचा आकडा शेजारच्या केंद्रांच्या तिपटीहून जास्त आला, की तो यंत्राचा बिघाड धरायचा आणि काढून टाकायचा. हा नियम मी लिहिला आहे. वर माझी आद्याक्षरं आहेत आणि तारीखही.

का लिहिला तेही सांगते. ही सबब नव्हे. गेल्या जानेवारीत त्याच गच्चीखाली वॉचमनने वाळका पाला पेटवला होता. केंद्राने सातशे दाखवले आणि मी दुसऱ्या दिवसासाठी लाल दिला. शाळा बंद ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं: छत्री घेऊन उन्हात उभी असलेली एक चष्मेवाली बाई. ऑफिसात ते कुणीतरी फलकावर लावलं. मी ते काढलं नाही. नियम लिहिला. साहेब म्हणाले, आता कशी शिस्त आली.

शेजारच्या केंद्रांजवळ कुणी गोदाम पाडत नव्हतं. म्हणून आपली धूळ खोटी ठरली. एकेचाळीस दिवस.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जास्त असती तर दिसली असती. दिसली होती.


२३ नोव्हेंबर

दादा,

वहिनीचा फोन येऊन गेला. ती म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि गच्चीवर जाऊन बसलास. 

नियम मी १९ तारखेलाच काढून टाकला. २० तारखेला आपल्या भागाचा रंग लाल गेला. साहेबांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं, मागचे आकडे दुरुस्त करून ठेवावेत, खाली बारीक अक्षरात ‘सुधारित’ लिहावं, पत्रक वगैरे काढायची गरज नाही. मी म्हणाले, त्या एकेचाळीस दिवसांत माणसं बाहेर पडली आहेत. ते म्हणाले, माणसं तशीही पडतात, अंदाज बघून कोण पडतं. मी म्हणाले, एकाला मी ओळखते.

पत्रक निघालं नाही. मीच कागदावर लिहून शिंप्याच्या काचेवर चिकटवलं. त्याने ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे माझा खोकलाही तुमच्या चुकीतला का?” चेष्टेत विचारलं असावं. मला नक्की सांगता येत नाही. गोदामवाल्यांना नोटीस गेली. त्यांनी हिरवं कापड बांधलं. मशीन चालू आहे.

हे सगळं मी आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायचं टाळत होते.

काल सकाळी बाबांचं तोंड पुसून दिलं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज कोणता. मी लाल सांगितलं. मग विचारलं, बाबा, तुम्ही खिडकी रोज का पुसायचात?

“धूळ होती म्हणून.”

“कसली?”

“काँक्रीटची. बोटात धरली की कळते. माती सरकते, ही टोचते.” एवढं बोलून ते थांबले. मी त्यांची नळी सरळ केली.

“तुम्हाला कळत होतं, तर बाहेर का गेलात?”

“तू पिवळा म्हणालीस.”

“बाबा, तुमचं बोट बरोबर होतं.”

“असेल. पण गल्लीत सांगून ठेवलं होतं ना, आमची वेधशाळा चुकत नाही.” पुन्हा थांबले. “मी घरात बसलो असतो तर शिंप्याने विचारलं असतं, काय हो, आज पिवळा आणि तुम्ही घरात? मग काय सांगायचं? जानेवारीत त्या छत्रीच्या चित्रापायी तू चार दिवस धड जेवली नाहीस. ताटात बोटं फिरवायचीस. मी बघत होतो.”

मी म्हणाले, मला सांगायचं होतंत. मी फाइल उघडली असती.

ते म्हणाले, “तू यंत्र लावून बघतेस. मी बोट लावून बघतो. मी कोण तुला सांगणार?”

दादा, तू म्हणाला होतास, मला नमुना हवाय. त्यात एक दुरुस्ती कर. नमुना ते स्वतःहून झाले. मी त्याचं वाचनही घेतलं नाही.


१ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर ओळखायला एक क्षण लागला, ‘द’ बदललास. “गाडी घेऊन येतो. दिवस तू सांग.” दोन वर्षांनी तू स्वतःच्या अक्षरात मला विचारलेली पहिली गोष्ट अंदाज आहे. ठरवून विचारलास की सहज, ते कळवू नकोस.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, नेता येईल. सोबत सिलिंडर, दर अर्ध्या तासाने बोटाला लावायचं यंत्र, गाडीच्या काचा बंद. इथे त्यांना बरं करण्यासारखं काही उरलेलं नाही, पण तिकडे स्वच्छ हवेत काही महिने नीट जातील, कदाचित वर्षही. “धूळ कमी असेल असा दिवस बघा, आणि फार थांबू नका.” रस्ता चार तासांचा, त्यातला पहिला तास खडीच्या खाणींमधून जातो.

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं नको म्हणतील. त्यांनी विचारलं, खोलीची खिडकी कुठे उघडते. मी सांगितलं, वहिनी म्हणते मागच्या शेताकडे. मग म्हणाले, “तिकडे यंत्र नाही ना?” नाही म्हटलं. “मग ठीक आहे. मला सगळे दिवस चालतील.” हसले आणि त्यामुळे पाच मिनिटं खोकले.

जोडे मागवून घेतलेत. खाटेखाली ठेवलेत, टोकं दाराकडे करून.

पुढच्या आठवड्यात मंगळवार, ९ तारीख, किंवा शुक्रवार, १२. मंगळवारी वारा पडेल असं दिसतंय, खाणींच्या पट्ट्यात धूळ साचेल, नारिंगी. गुरुवारी वारा फिरतो, शुक्रवारी धुऊन निघालेलं असेल. पिवळा, वर हिरव्याकडे झुकणारा. मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढून पाहिलं. तिन्ही शुक्रवार म्हणतात. मूळ फाइलही पाहिली, रोज पाहते.

शुक्रवारी ये. सकाळी दहाला.


१२ डिसेंबर

दादा,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुमच्याकडे जाणाऱ्या सकाळच्या बसच्या कंडक्टरला दिलं आहे, दुपारी दीडपर्यंत तुझ्या हातात पडेल. काल वहिनीला फोनवर फक्त एवढं सांगता आलं, की गाडी आणू नका. तिने विचारलं, मग कधी आणू. मी फोन ठेवला. तिला माझ्याकडून माफी माग.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

मंगळवारी वारा पडला नाही. शिवाय खाणीवाल्यांचे ट्रक त्या दिवशी बंद होते. का, ते मला माहीत नाही, ते कुठल्याच पद्धतीत येत नाही. दुपारी आकडा एकाहत्तर होता. या मोसमातला सगळ्यात स्वच्छ दिवस. हिरवा. मी ऑफिसच्या खिडकीतून टेकडीवरची झाडं सुटी सुटी मोजू शकत होते. बाबा त्या दिवशी उशीला टेकून बसले होते. सिस्टरने त्यांचे केस विंचरून दिले. आज बागेपर्यंत जायचा दिवस होता, म्हणाले.

गुरुवारी, काल, सकाळी सात वाजता त्यांच्या उजव्या फुफ्फुसाचा एक फुगा फुटला. अशा फुफ्फुसांत तसे फुगे होतात. आतली हवा बाहेर छातीत भरते आणि फुफ्फुस मिटून जातं. बरगड्यांमधून नळी घातली आहे. ती एका बाटलीत सोडलीय आणि प्रत्येक श्वासाला बाटलीत बुडबुडा येतो. डॉक्टर म्हणाले, आता हलवता येणार नाही. मी विचारलं, किती दिवसांनी येईल. ते बाटलीतले बुडबुडे बघू लागले. मी दिवस कशाचे विचारते आहे ते त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं, म्हणून पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या.

मंगळवारी तू निघाला असतास तर बुधवारी ते त्या खोलीत उठले असते. फुगा तिकडेही फुटला असता, कदाचित. कदाचित नसता. हे मला काढता येत नाही. डॉक्टरांचं वाक्य दोन भागांचं होतं. मी पहिला भाग ऐकला. त्यांना एकदा धुळीत पाठवलं होतं, म्हणून यावेळी मी स्वच्छ दिवसाची वाट पाहिली.

आज सकाळी त्यांना थोडी शुद्ध होती. ओठांवरून कळलं की विचारतायत, आज कोणता.

मी म्हणाले, माहीत नाही, बाबा.

 मग मास्कच्या आतून म्हणाले, “मग खिडकी उघड.” मी उघडली. दोन मिनिटांनी सिस्टर येऊन लावून गेली.

जोडे अजून खाटेखाली आहेत. घरातली खिडकीची पट्टी मी पुसलेली नाही, पुसवत नाही. तू आलास तर किल्ली काकूंकडे आहे, पण घरी जाऊ नकोस, सरळ इकडे ये. तिसरा मजला, डाव्या हाताचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. तुला बघून ते ओळखतील असं मला वाटतं. वाटतं एवढंच लिहिते.

तुला मला जे म्हणायचं असेल ते म्हण, पण ते बाहेरच्या बाकावर. आत नको.

बस परत साडेतीनला निघते. आजची हवा कशी आहे ते मी पाहिलेलं नाही. कशीही असो, ये.